निर्बंध, युद्ध आणि सामान्य माणसे : वादविवादाची तयारी कशी करावी

रशिया-युक्रेन युद्ध सुरू झाल्यापासून ‘आर्थिक निर्बंध हे युद्धाइतकेच अमानुष आहेत’ किंवा ‘युद्ध टाळायचे असेल तर निर्बंधांना पर्याय नाही’ अशा धर्तीचे विषय महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धांत वारंवार दिसू लागले आहेत. कोल्हापूरचे विद्यार्थी अशा विषयांवर आवेशाने बोलतात. भुकेल्या मुलांचे आणि औषधाविना तडफडणाऱ्या रुग्णांचे चित्र त्यांना चांगले रंगवता येते. परीक्षकाच्या खुर्चीतून ऐकताना मात्र एक उणीव सतत जाणवते. दुःख किती मोठे आहे हे दोन्ही बाजू सांगतात, पण ते कोणत्या निर्णयातून निघाले, कोणाकोणाच्या हातांतून गेले आणि एखाद्या घरापर्यंत नेमके कसे पोहोचले, हे सांगणारा वक्ता क्वचित भेटतो. माझ्या मते या विषयाचा निकाल तिथेच लागतो, म्हणून पुढील मार्गदर्शनात सर्वाधिक जागा त्या साखळीलाच दिली आहे.

विषयातील शब्दांना आधी कुंपण घाला

निर्बंध म्हणजे एकच एक गोष्ट नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १९९० मध्ये इराकवर घातलेली सर्वंकष व्यापारबंदी, त्याच परिषदेने १९७७ मध्ये दक्षिण आफ्रिकेवर घातलेली फक्त शस्त्रास्त्रबंदी, एखाद्या मंत्र्याची परदेशातील खाती गोठवणे, आणि इराणशी व्यवहार करणाऱ्या तिसऱ्याच देशाच्या बँकेला अमेरिकेने दिलेली धमकी हे चारही प्रकार ‘निर्बंध’ याच नावाने ओळखले जातात, पण सामान्य माणसावर होणारा त्यांचा परिणाम एकमेकांशी ताडून पाहण्यासारखा नाही. पहिल्या वक्त्याने पहिल्याच मिनिटात आपण यांपैकी कशाबद्दल बोलत आहोत हे सांगितले नाही, तर प्रतिपक्ष दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण देतो, आपण इराकचे देतो आणि दोन्ही भाषणे एकमेकांना न भेटता संपतात.

नाकेबंदीच्या बाबतीत तर अधिकच सावध राहावे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे ४१ वे कलम शस्त्रबळाविना योजायच्या उपायांचे आहे. आर्थिक संबंध, रेल्वे, समुद्र व हवाई वाहतूक, टपाल आणि राजनैतिक संबंध तोडणे हे त्यात मोडते. ४२ वे कलम लष्करी कारवाईचे आहे, आणि नाकेबंदीचा उल्लेख या ४२ व्या कलमात आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनने जर्मनीची केलेली सागरी नाकेबंदी अनेक जण निर्बंधांच्या क्रूरतेचे उदाहरण म्हणून देतात. निर्बंधांच्या समर्थकाने इथे शांतपणे एवढेच म्हणावे की हे उदाहरण युद्धाच्या खात्यात जमा होते. विरोधकाला ते वापरायचेच असेल, तर ती नाकेबंदी नोव्हेंबर १९१८ च्या युद्धबंदीनंतरही जुलै १९१९ पर्यंत पूर्णपणे उठली नव्हती, हा भाग पुढे आणावा. कारण तोफा थांबल्यावरही अन्न अडवून दबाव कायम ठेवता येतो, हा मुद्दा त्यातून निघतो.

साखळी एकेका कडीने दाखवा

समजा तुमचे म्हणणे असे आहे की निर्बंधांमुळे इराणमधील रुग्णांना औषधे मिळेनाशी झाली. प्रतिपक्षाकडे तयार उत्तर असते : अमेरिकेच्या नियमांत अन्न व औषधांना सूट आहे. हे उत्तर खरे आहे, आणि ते ऐकून बहुतेक वक्ते गडबडतात. तसे होऊ नये म्हणून मधली प्रत्येक कडी आधीच मांडून ठेवावी. औषधाला सूट असली तरी त्याचे पैसे बँकेमार्फत जातात. बँकेला दंडाची भीती असते, आणि औषधाच्या एका छोट्या व्यवहारातून मिळणाऱ्या कमिशनपेक्षा ती भीती कितीतरी मोठी असते, म्हणून ती सरसकट नकार देते. बँकेने होकार दिला तरी जहाजाचा विमा उतरवणारी कंपनी मागे हटते. शिवाय देशाचे तेल विकले जात नसल्याने परकीय चलनच आटते, आणि मग कागदावरची सूट वापरायला हातात पैसा उरत नाही. अमेरिका मे २०१८ मध्ये इराणबरोबरच्या अणुकरारातून बाहेर पडली. त्यानंतर ३ ऑक्टोबर २०१८ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने औषधे, वैद्यकीय साधने, अन्नधान्य आणि नागरी विमानांच्या सुरक्षेसाठी लागणारे सुटे भाग यांच्या निर्यातीतील अडथळे दूर करावेत असा अंतरिम आदेश अमेरिकेला दिला. सूट असूनही अडथळा असतो, हे सांगायला याहून चांगला आधार मिळणे कठीण.

आणखी दोन उदाहरणे याच कामी येतात. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तान व सीरियात भूकंप झाला आणि तीनच दिवसांनी अमेरिकेने सीरियातील मदतकार्याशी संबंधित व्यवहारांना १८० दिवसांची विशेष परवानगी दिली. आधीची सूट पुरेशी होती, तर या नव्या परवानगीची गरज का भासली, असा प्रश्न विरोधकाने विचारावा. दुसरे उदाहरण अफगाणिस्तानचे. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान सत्तेवर येताच अमेरिकेत ठेवलेली त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेची सुमारे ७०० कोटी डॉलर्सची गंगाजळी गोठवली गेली. इथे कोणी गव्हाचे पोते अडवले नव्हते. बाजारात धान्य असतानाही लोकांच्या हाती रोकड नव्हती, कारण बँकाच ठप्प झाल्या होत्या. मात्र त्याच सुमारास परदेशी मदत आटली आणि दुष्काळही होता, हे प्रतिपक्ष सांगणारच. ते तुम्ही स्वतःच आधी सांगितले, तर तुमच्या उरलेल्या विधानांचे वजन वाढते.

निर्बंधांच्या समर्थकानेही हीच पद्धत उलट दिशेने वापरावी. साखळीतील एक कडी अशी शोधावी की जिथे निर्णय घेणारा हात निर्बंधित सरकारचाच होता. इराकला मर्यादित तेल विकून अन्न व औषधे घेण्याची मुभा सुरक्षा परिषदेने १९९१ मध्येच देऊ केली होती. सद्दाम हुसेन यांच्या सरकारने ती आपल्या सार्वभौमत्वाच्या नावाखाली नाकारली. १९९५ मध्ये ठराव क्रमांक ९८६ आला, १९९६ मध्ये करार झाला आणि धान्याची पहिली खेप मार्च १९९७ मध्ये पोहोचली. मधल्या वर्षांचा दोष कोणाच्या माथी, हा प्रश्न दोन्ही बाजूंना सारखाच अडचणीचा आहे, आणि म्हणूनच चांगला वाद इथे रंगतो.

इराकचे उदाहरण नीट अभ्यासा, कारण ते येणारच

इराकने २ ऑगस्ट १९९० रोजी कुवेतवर आक्रमण केले आणि चार दिवसांनी ठराव क्रमांक ६६१ संमत झाला. त्यात वैद्यकीय साहित्याला आणि मानवतावादी परिस्थितीत अन्नाला सूट होती. तरीही परिणाम भयंकर झाला, कारण हा देश धान्याचा मोठा वाटा आयात करत होता आणि आयातीचा पैसा तेलातून येत होता. त्यातच १९९१ च्या बॉम्बहल्ल्यांत वीज केंद्रे उद्ध्वस्त झाली. वीज गेल्यावर पाण्याचे पंप आणि सांडपाणी शुद्धीकरण बंद पडले, आणि दुरुस्तीला लागणारे सुटे भाग व क्लोरीन लष्करी कामालाही वापरता येईल या शंकेने सुरक्षा परिषदेच्या निर्बंध समितीत अडकून राहिले. अतिसाराने दगावलेल्या मुलाचा मृत्यू बॉम्बच्या खात्यात मांडायचा की निर्बंधांच्या? माझ्या मते प्रामाणिक उत्तर ‘दोन्हींच्या’ हेच आहे, आणि ‘युद्ध की निर्बंध’ असा सरळ पर्याय मांडणाऱ्या विषयाला या एका उदाहरणाने चांगलेच आव्हान देता येते.

आता आकड्याकडे येऊ. ‘निर्बंधांनी इराकमध्ये पाच लाख मुले मारली’ हे वाक्य जवळपास प्रत्येक स्पर्धेत ऐकू येते. युनिसेफच्या १९९९ च्या पाहणीत इराकच्या मध्य व दक्षिण भागात पाच वर्षांखालील मुलांचा मृत्युदर हजारी ५६ वरून १३१ वर गेल्याचे दिसले होते, आणि पाच लाख अतिरिक्त मृत्यूंचा अंदाजही १९९० च्या दशकातलाच. मात्र सद्दाम यांची सत्ता गेल्यावर झालेल्या पाहण्यांत अशी प्रचंड वाढ आढळली नाही, आणि २०१७ मध्ये बीएमजे ग्लोबल हेल्थ या नियतकालिकात व्हॅलेरिया सेटोरेली आणि टिम डायसन यांनी जुनी आकडेवारी इराकी सरकारने फिरवलेली होती असा निष्कर्ष मांडला. ज्याने तयारी केली आहे असा प्रतिस्पर्धी तुमच्या पाच लाखांवर हा दाखला ठेवील, आणि मग तुमचे बाकीचे भाषणही श्रोत्यांना संशयास्पद वाटू लागेल.

मग विरोधी बाजूने इराक सोडून द्यावा का? मुळीच नाही. संयुक्त राष्ट्रांचे इराकमधील मदतकार्याचे प्रमुख डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये आणि त्यांचे उत्तराधिकारी हान्स फॉन स्पोनेक यांनी २००० मध्ये निर्बंधांचा निषेध करत पद सोडले, ही गोष्ट कोणत्याही पाहणीने पुसली जात नाही. संयुक्त राष्ट्रांतील अमेरिकेच्या तेव्हाच्या राजदूत मेडेलीन अल्ब्राइट यांनी १९९६ च्या दूरचित्रवाणी मुलाखतीत, पाच लाख मुलांच्या मृत्यूबद्दल विचारले असता, ही किंमत मोजण्याजोगी वाटते अशा अर्थाचे उत्तर दिले होते. तो आकडा पुढे वादग्रस्त ठरला असला, तरी धोरण ठरवणाऱ्या व्यक्तीने तो नाकारला नाही आणि तरी धोरण योग्य म्हटले, हा मुद्दा नैतिक अंगाने उभा राहतो. आकडा डळमळीत असला तरी मुद्दा टिकतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

बाकीचे आकडे वापरताना

प्रत्येक आकड्यासोबत तो कोणी मोजला आणि कशाशी तुलना करून काढला, एवढे तरी सांगता आले पाहिजे. येमेनबाबत संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने २०२१ अखेरपर्यंत सुमारे ३,७७,००० मृत्यूंचा अंदाज दिला आणि त्यांतील जवळजवळ ६० टक्के मृत्यू उपासमार, रोगराई, पाणी व उपचारांचा अभाव अशा अप्रत्यक्ष कारणांनी झाल्याचे म्हटले. निर्बंधांच्या समर्थकाला हा आकडा फार मोलाचा आहे, कारण प्रतिपक्ष युद्धाचे बळी मोजताना गोळीने मेलेल्यांची संख्या घेतो आणि निर्बंधांचे बळी मोजताना सगळे अप्रत्यक्ष मृत्यू धरतो. ही लबाडी बहुधा नकळत होते, पण ती उघड करून दाखवावी. दोन्हींना मोजपट्टी एकच लावा, असा आग्रह धरावा.

उलट बाजूला लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये २०२५ साली आलेल्या अभ्यासात एकतर्फी निर्बंधांचा वर्षाला सुमारे ५,६४,००० मृत्यूंशी संबंध दाखवला आहे. हा दाखला देणाऱ्याने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. हा संख्याशास्त्रीय अंदाज आहे, तेव्हा निर्बंध बहुधा आधीच संकटात असलेल्या देशांवर लादले जातात, मग मृत्यू निर्बंधांचे की संकटाचे, अशी हरकत येणार. तिचे उत्तर तयार हवे. दुसरे असे की त्याच अभ्यासात संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांबाबत असा परिणाम आढळलेला नाही. म्हणजे विषय ‘एकतर्फी निर्बंध’ असा असेल तर हा अभ्यास तुमचा, आणि विषय नुसताच ‘निर्बंध’ असा असेल तर तो अर्धा प्रतिपक्षाचाही आहे.

‘नाही तर काय?’ या प्रश्नाला उत्तर हवे

निर्बंधांची तुलना शांततेशी करणारा वक्ता नेहमी जिंकल्यासारखा वाटतो, पण परीक्षकाने तुलना प्रत्यक्षातल्या पर्यायाशीच करून पाहिली पाहिजे. आक्रमण झाल्यावर उरणारे मार्ग म्हणजे युद्ध, निर्बंध, वाटाघाटी किंवा स्वस्थ बसणे. समर्थकाने निर्बंध हा युद्धाला पर्याय होता हे दाखवावे. विरोधकाने इराककडे बोट दाखवून विचारावे की जवळपास तेरा वर्षे निर्बंध सोसूनही २००३ चे युद्ध टळले कुठे?

निर्बंध यशस्वी होतात का, याबद्दल विद्वानांतच दुफळी आहे. हफबावर, शॉट आणि एलियट यांनी विसाव्या शतकातील प्रकरणे तपासून सुमारे ३४ टक्के यश सांगितले. रॉबर्ट पेप यांनी त्यांच्या आधीच्या यादीतील ४० यशस्वी म्हटलेल्या प्रकरणांपैकी केवळ ५ खरी मानली. यांतील एकच आकडा घेऊन उभे राहू नये. दोघांत फरक का पडला, तर लष्करी बळाचा वाटा कोणी कसा वजा केला, हे सांगता आले तर तुमचा अभ्यास आपोआप दिसतो.

दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण समर्थकाचे सर्वांत भक्कम आहे, आणि भारतीय वक्त्याला ते अधिक शोभते, कारण १९४६ मध्ये वर्णद्वेषी राजवटीशी व्यापार तोडणारा पहिला देश भारत होता. त्यातील खरी ताकद मात्र वेगळीच आहे. आल्बर्ट लुथुली यांच्यासारखे कृष्णवर्णीयांचे नेते स्वतः जगाकडे बहिष्काराची मागणी करत होते. ज्यांना झळ बसणार त्यांनीच ती मागितली होती, ही कसोटी इराक, क्युबा किंवा अफगाणिस्तानला लावून पाहावी. क्युबाच्या बाबतीत तर १९९२ पासून संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत अमेरिकी व्यापारबंदीविरुद्ध ठराव होत आले. २०२३ मध्ये तो १८७ विरुद्ध २ अशा मतांनी संमत झाला.

भारताची स्वतःची भूमिकाही दोन्ही बाजूंना पुरवठा करते. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर आपल्यावर निर्बंध आले आणि अमेरिकेने ते २००१ मध्ये उठवले. देशात उपासमार झाली नाही, कारण अर्थव्यवस्था मोठी होती, अन्नधान्याची कोठारे आपलीच होती आणि निर्बंधही मर्यादित होते. एकतर्फी निर्बंध आपण मानत नाही असे भारत सांगतो, तरी मे २०१९ नंतर इराणचे तेल घेणे आपण थांबवले. शिवाय डिसेंबर २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेने मानवतावादी मदतीला संयुक्त राष्ट्रांच्या सर्व निर्बंधांतील मालमत्ता गोठवणीतून सूट देणारा ठराव क्रमांक २६६४ चौदा मतांनी संमत केला, तेव्हा एकटा भारत तटस्थ राहिला; अशा सुटीचा फायदा दहशतवादी संघटना उठवतात, अशी आपली हरकत होती. निर्बंधविरोधी वक्त्याला हा प्रसंग प्रतिपक्षाकडून ऐकावा लागला तर फार अवघड जाते.

कायद्याचा आधार घेताना

‘निर्बंध जीनिव्हा करारांचा भंग करतात’ असे सरसकट म्हणू नये. ते करार सशस्त्र संघर्षाला लागू होतात. शांतताकाळातील व्यापारबंदीला ते आपोआप लागत नाहीत. युद्धाबद्दल बोलताना मात्र १९४९ च्या चौथ्या करारातील औषधांना वाट देण्याचे २३ वे कलम आणि १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त शिष्टाचारातील (प्रोटोकॉलमधील) नागरिकांची उपासमार हे युद्धतंत्र म्हणून वापरण्यास मनाई करणारे ५४ वे कलम उपयोगी पडते. भारत या १९७७ च्या शिष्टाचारात सामील नाही, हेही माहीत असावे. कायद्याला एका मिनिटापेक्षा अधिक वेळ देऊ नये. श्रोते कलमांचे क्रमांक लक्षात ठेवत नाहीत.

कोल्हापूरचे दाखले जपून वापरा

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियाने पूर्व पोलंडमधून सैबेरियाकडे हद्दपार केलेल्या लोकांपैकी सुमारे पाच हजार जण, बहुतांश स्त्रिया आणि मुले, इराणमार्गे येऊन १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिले. महावीर उद्यानात त्यांचे स्मारक आहे. पुढे त्याच छावणीच्या जागी फाळणीत घरे सोडून आलेल्या सिंधी कुटुंबांनी आजचे गांधीनगर वसवले. युद्धाचा परिणाम रणांगणापासून किती दूर आणि किती वर्षे पोहोचतो, हे सांगायला यापेक्षा जवळचा दाखला आपल्याकडे नाही. परंतु हा दाखला निर्बंधांबद्दल काहीही सिद्ध करत नाही. विषय निर्बंधांचा असतानाही वळिवडे घुसडणारे वक्ते टाळ्या मिळवतात आणि गुण गमावतात.

२०२२ मध्ये सूर्यफूल तेल आणि खतांच्या किमती वाढल्या, हे आपल्या प्रत्येक ऊस उत्पादकाला ठाऊक आहे. युद्धापूर्वी भारताला सूर्यफूल तेलाचा सर्वांत मोठा पुरवठादार युक्रेन होता. पोटॅश आपण जवळपास पूर्णपणे आयात करतो, आणि त्याच्या मोठ्या निर्यातदारांत रशिया व बेलारूस येतात. पण करवीर तालुक्यातील शेतकऱ्याची ओढाताण आणि सोमालियातील उपासमार एका पंक्तीला बसवू नये. महागाईचा दाखला परिणाम जगभर पसरतो एवढ्यापुरताच ठेवावा आणि तेथून युक्रेनचे धान्य बाहेर काढण्यासाठी झालेल्या काळ्या समुद्रातील धान्य कराराकडे वळावे : जुलै २०२२ ते जुलै २०२३ या वर्षभरात त्या मार्गाने सुमारे ३.३ कोटी टन धान्य व इतर अन्नपदार्थ बाहेर पडले. युद्ध चालू असतानाही अन्नासाठी वाट काढता येते, हा मुद्दा दोन्ही बाजूंना आपापल्या परीने वापरता येतो.

बोलण्याची रीत आणि शेवटची तालीम

मृतदेहांची सविस्तर वर्णने करू नयेत. गाझा, युक्रेन किंवा सुदान यांचा उल्लेख आला की सभागृहातील काही जणांची मने आधीच ठरलेली असतात. अशा वेळी सरकार, लष्कर आणि सशस्त्र गट यांच्यावर टीका करावी, कोणत्याही धर्माच्या किंवा देशाच्या लोकांवर नव्हे. आपले वाक्य न्याय्य आहे की नाही याची एक साधी चाचणी आहे : त्यातील देशाचे नाव बदलून, आपल्याला जो देश आवडतो त्याचे घालून पाहावे, आणि तरीही ते वाक्य उच्चारवेल का हे तपासावे.

पाच मिनिटांचे भाषण असेल तर एकच साखळी पूर्ण मांडावी. तीन देशांची तीन अर्धवट वर्णने खंडनात टिकत नाहीत. प्रतिपक्ष बोलत असताना त्याच्या साखळीतील कड्या कागदावर एकाखाली एक लिहाव्यात आणि जी कडी नुसती गृहीत धरली आहे तिच्यासमोर खूण करावी. खंडनाच्या दोन मिनिटांत त्या एकाच कडीवर बोलणे पुरेसे होते.

तयारीसाठी करवीर नगर वाचन मंदिरात किंवा विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात जुनी वृत्तपत्रे चाळावीत, आणि सुरक्षा परिषदेचे ठराव मुळातून वाचावेत. त्यांतील बरेच दोन-चार पानांचेच असतात. स्पर्धेच्या आदल्या दिवशी जोडीदाराशी बाजू बदलून एकदा पूर्ण वाद करावा. जो दाखला बाजू बदलल्यावर तुमच्याच विरोधात अधिक जोराने वापरला गेला, तो भाषणातून काढावा किंवा त्याची दुबळी बाजू स्वतःच आधी सांगण्यासाठी एक वाक्य लिहून ठेवावे. इराकचा पाच लाखांचा आकडा बहुतेक जोड्यांच्या भाषणातून याच तालमीत गळतो, आणि त्या जागी हॅलिडे व फॉन स्पोनेक यांच्या राजीनाम्यांना अर्धा मिनिट मिळतो.